शिरा, पण तुपातला नव्हे: लेझर, आरएफए की ग्लू?

लाटणं (धागाकर्ती)

नौपाड्यात पोळीभाजी केंद्र चालवते, वय ५३. सकाळी साडेपाचला ओट्यापाशी उभी राहिले की दीडपर्यंत बूड टेकत नाही, संध्याकाळी पुन्हा चार ते नऊ. अशी बावीस वर्षं. उजव्या पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा (व्हेरिकोज व्हेन्स) धाकट्याच्या वेळेपासूनच दिसायच्या. सासूबाई म्हणायच्या, बाईमाणसाला हे असायचंच. आता त्यांच्या सुतळीच्या गुंडाळीसारख्या गाठी झाल्यात. रात्र झाली की पाय शिशाचा होतो, झोपेत पोटरीत गोळे येतात, आणि दिवाळीपासून घोट्याच्या आतल्या अंगाला कातडी तपकिरी पडलीय, खाजते. डावा पायही दुखतो, पण त्यावर गाठी नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या निळ्या रेघा आहेत तेवढ्या.

घोडबंदर रोडला बहिणीच्या सोसायटीत मोफत तपासणी शिबिर होतं. क्लबहाऊसमध्ये पलंगावर आडवं करून डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केला आणि पाच मिनिटांत कागद हातात दिला: दोन्ही पायांचं लेझर, लवकरात लवकर, या महिन्यात नाव नोंदवलं तर सवलत. 'गुठळी फुप्फुसात गेली तर?' हेही ऐकवलं. आकडा दोन लाखांच्या वर. मग स्टेशनजवळच्या एका क्लिनिकमध्ये गेले. ते म्हणाले, लेझर जुनं झालं, शीर आतून चिकटवणारा ग्लू करा, भाजणं नाही, नंतर घट्ट दाबाचे मोजे नाहीत, दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटा. त्यांचा आकडा आणखी वर. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, मोजे घाल आणि वजन उतरव.

तिघांचं तीन तऱ्हेचं. कोणी यातून गेलंय का? आणि शीर जाळून बंदच केली तर रक्त वर जाणार कुठून, हे मला कोणीच नीट सांगितलं नाही.

उपवनकर

मी १९९७ साली जुनं ऑपरेशन केलं. जांघेत चिरा, घोट्याशी चिरा, आणि शीर आख्खी ओढून काढतात. पाठीत भूल, चार दिवस रुग्णालयात, मांडी काळीनिळी, तीन आठवडे घरी. बारा-तेरा वर्षं छान गेली, मग गुडघ्यामागे नव्या शिरा फुगल्या. पस्तावलो का? नाही. पण आज निवड असती तर चिरा घेतला नसता. ताई, मोफत शिबिरात फुकट काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

वाटीभर_साखर

वाचनखूण साठवली. माझ्याही पायांना हेच आहे, वाचत राहते.

खाडीपलीकडे

घोट्याजवळ कातडी काळी पडलीय ना, ते हलक्यात घेऊ नका. माझ्या आईला तिथूनच सुरुवात झाली. आधी खाज, मग खाजवून ओरखडा, मग रुपयाएवढी जखम. ती जखम दोन वर्षं भरेना. आम्ही मधुमेहाची जखम समजून साखर तपासत बसलो, साखर नॉर्मल. शेवटी एका सर्जननं पायाला चार थरांचं घट्ट बँडेज बांधलं आणि सांगितलं की वर मांडीतली शीर गळतेय, ती बंद केल्याशिवाय खाली कितीही मलम लावा. शीर बंद केल्यावर जखम भरली. कळव्याहून ठाण्याला ड्रेसिंगसाठी किती फेऱ्या मारल्या त्याचा हिशेब नाही.

रानहळद

जळवा लावून बघितल्या का? आयुर्वेदात जलौकावचारण आहे. माझ्या मामांना फार आराम पडला. आधी साधं करावं, मग ती महागडी यंत्रं.

टाकेवाला

निवृत्त सर्जन आहे, आता चाकू फक्त आंब्याला लावतो. इथे बसून कोणाचे उपचार ठरवत नाही, पण प्रश्न कसा विचारायचा ते सांगू शकतो.

आधी ताईंचा प्रश्न, कारण तो सगळ्यात चांगला आहे. पायातलं सुमारे नव्वद टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून वर जातं. कातडीखालच्या शिरा म्हणजे गल्लीबोळ. पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. सोसायटीच्या पंपापाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तेच काम. तो बिघडला की वर चढवलेलं पाणी पुन्हा खाली. तुमच्या मांडीतल्या लांब शिरेची झडप बिघडली असेल, तर ती शीर रक्त वर नेतच नाहीये, खाली आणून ओततेय. गळका पाइप बंद केला तर पाणी कमी येत नाही, वाढतं.

आता रानहळद यांना. जळवांनी स्थानिक रक्त निघतं, ठणका उतरतो, मामांना बरं वाटलं असेल. पण जांघेतली झडप जळू दुरुस्त करत नाही. शिरांसाठी देतात त्या डाफ्लॉनसारख्या गोळ्यांचंही तसंच. जडपणा आणि सूज कमी होते, शीर आहे तशीच राहते.

ताई, शिबिरातला कागद बाजूला ठेवा. या शिरांचा डॉप्लर उभ्यानं करतात. तपासायच्या पायावरचा भार काढून दुसऱ्या पायावर उभं करायचं, पोटरी दाबून सोडायची आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते मोजायचं. अर्ध्या सेकंदाहून जास्त वाहिलं तर झडप निकामी. आडवं झोपवलं की गुरुत्वाकर्षणच सुट्टीवर जातं, मग उलटा प्रवाह दिसणार कसा? ज्यांचं शिरा बंद करण्याचं दुकान नाही अशा स्वतंत्र सोनोग्राफी सेंटरमध्ये जा, 'दोन्ही पायांचा व्हीनस डॉप्लर, उभ्यानं, मॅपिंगसह' असं लिहून न्या, आणि रिपोर्ट इथे टाका. नाव झाकून.

निळी_बरणी

मी ग्लू केलाय म्हणून लिहिते. गुडघ्याजवळ एक टोचणी, बाकी काहीच कळलं नाही. मांडीभर सुया नाहीत, मोजे नाहीत. वाशीहून गेले होते, संध्याकाळी घरी. आठव्या दिवशी मात्र मांडीच्या आतून लाल पट्टा उठला, गरम आणि असा खाजरा की पंखा पाचवर ठेवून बसायचे. डॉक्टर म्हणाले, काहींना ग्लूची अशी प्रतिक्रिया येते. गोळ्यांनी दोनेक आठवड्यांत गेलं. शीर अजून बंद आहे. पैसे मात्र सणसणीत लागले.

टाकेवाला

प्रामाणिकपणे लिहिलंत. ग्लू म्हणजे सायनोअॅक्रिलेट, घरातल्या फेविक्विकच्या कुळातला, पण शरीरात वापरण्यासाठी बनवलेला. अमेरिकेच्या एफडीएनं २०१५ साली त्याला मान्यता दिली. काम करतो. माझी शंका एवढीच की तो आत बराच काळ राहतो, आणि एखाद्याला त्रास झाला तर गरम पाण्यानं धुऊन काढता येत नाही. चिकटपट्टीची किंवा नकली पापण्यांच्या गोंदाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

लाटणं

केला हो डॉप्लर. पाऊण तास उभं केलं, मध्येच मला घेरी आली तेव्हा लिंबू सरबत दिलं. रिपोर्टमधलं महत्त्वाचं:

उजवा पाय: ग्रेट सॅफिनस (ती लांब शीर) मांडीत ८.१ मिमी, जांघेतल्या जोडाशी झडप निकामी, उलटा प्रवाह ३ सेकंदांहून जास्त. पोटरीवर तिच्या फांद्या फुगलेल्या. खोल शिरा मोकळ्या, गुठळी नाही.
डावा पाय: ग्रेट सॅफिनस ३.६ मिमी, उलटा प्रवाह नाही. स्मॉल सॅफिनस (पोटरीमागची शीर) ठीक. खोल शिरा मोकळ्या.

डाव्याचं काय ते मला वाचता येईना. शिबिरवाल्यांच्या कागदावर तर दोन्ही पाय आहेत.

टाकेवाला

दोनदा वाचलं. तुमच्या डाव्या पायात बंद करण्यासारखी शीर नाही.

निळ्या रेघा कातडीतल्या बारीक शिरांच्या आहेत. सीईएपी नावाची प्रतवारी असते, शून्य ते सहा. तुमचा डावा पाय सी-१ मध्ये बसतो, म्हणजे दिसायला आहे, आजार नाही. उजवा कातडीच्या रंगामुळे सी-४ मध्ये जातो. बरी झालेली जखम म्हणजे सी-५, उघडी जखम सी-६. खाडीपलीकडे यांच्या आई सी-६ला होत्या. तेव्हा उजव्याला उपचार हवेतच, नुसत्या मोज्यांवर दिवस काढू नका. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस संस्थेनं २०१३ सालीच सांगितलंय की उपचार शक्य असतील तर फक्त मोजे देऊन बोळवण करू नये, आणि क्रमही दिलाय: आधी उष्णतेनं शीर बंद करणं, ते जमणार नसेल तर फोम (औषधाचा फेस शिरेत सोडणं), तेही जमणार नसेल तर जुनं ऑपरेशन.

डाव्याचं दुखणं दुसरीकडे शोधा. गुडघा, टाच, कंबर. बावीस वर्षं एका जागी उभ्या आहात, आणि उजवा दुखतो म्हणून भार डाव्यावर टाकत असणार.

कोपरखैरणेकर

बाप रे. म्हणजे चांगली शीर जाळणार होते?

टाकेवाला

हेतूबद्दल मी बोलत नाही, आडव्या डॉप्लरबद्दल बोलतो. पण चांगली शीर जाळण्यानं काय बिघडतं तेही सांगतो. हृदयाच्या बायपासला छातीतल्या धमनीबरोबर पायातली हीच लांब शीर काढून वापरतात. वेडीवाकडी फुगलेली शीर सहसा त्या कामाला येत नाही, त्यामुळे उजवीचा शोक करू नका. ३.६ मिमीची धड शीर मात्र राखून ठेवलेली बरी. देव करो आणि लागू नये.

लाटणं

हे वाचून गॅस बंद करून पाच मिनिटं बसले. बसले, हे विशेष.

मग आता उजव्याला लेझर की आरएफए, म्हणजे ते रेडिओलहरींनी शीर तापवणं? आणि मोज्यांचं काय, ओट्यापाशी उन्हाळ्यात घालवतील का?

टाकेवाला

दोन्ही एकाच घरातले भाऊ. गुडघ्याजवळ सुईनं शिरेत शिरायचं, सोनोग्राफीवर बघत तार जांघेपर्यंत न्यायची, शिरेभोवती सलाइनमध्ये कालवलेली भूल भरायची आणि मग आतून तापवत मागे यायचं. ती भूल बधिरही करते आणि उष्णतेपासून आजूबाजूचं सांभाळतेही. आरएफएमध्ये टोकाचा ७ सेमीचा भाग १२० अंशांवर २० सेकंद तापतो, मग पुढचा टप्पा. लेझरमध्ये जुन्या ८१०-९८० नॅनोमीटरच्या यंत्रांनी मांडी जास्त काळीनिळी व्हायची. १४७० नॅनोमीटरचं, चहूबाजूंनी प्रकाश टाकणारं टोक आलं तेव्हापासून तो फरक बराच पुसला गेला. शीर बंद होण्याच्या बाबतीत दोघांत निवडण्यासारखं फारसं नाही.

फोमचं विचारलं नाहीत, पण कोणीतरी स्वस्त म्हणून सुचवेलच. पोलिडोकॅनॉलसारखं औषध दोन सिरिंजमधून हवेबरोबर घुसळून फेस करायचा आणि शिरेत सोडायचा. फांद्यांना उत्तम. ८ मिमीच्या मुख्य शिरेला एकट्यानं कमी पडतो, ती पुन्हा उघडायची शक्यता जास्त. ब्रिटनमध्ये 'क्लास' नावाच्या चाचणीत ७९८ रुग्णांत लेझर, फोम आणि जुनं ऑपरेशन यांची तुलना झाली. पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ साली आले. पायाच्या तक्रारींच्या बाबतीत लेझर आणि ऑपरेशनवाले फोमवाल्यांपेक्षा बरे होते. म्हणजे उपवनकरांचं १९९७ चं ऑपरेशन काही भंगार नव्हतं, बरं का.

तेव्हा यंत्राचं नाव विचारू नका, माणसाला विचारा. टेबलावर सोनोग्राफी तुम्ही स्वतः धरता की दुसरं कोणी? शीर कुठपर्यंत बंद करणार? गुडघ्याच्या बऱ्याच खाली गेलात तर शेजारून जाणारी संवेदनेची नस (मज्जातंतू) भाजून घोट्याशी बधिरपणा येतो, त्याचं काय? पोटरीवरच्या गाठी त्याच वेळी काढणार की नंतर, आणि त्याचे पैसे यातच की वेगळे? आठवड्याभरात पुन्हा डॉप्लर करणार का? हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. क्वचित गुठळी जांघेतून खोल शिरेकडे सरकते, ती वेळेत दिसायला हवी. शिबिरात सांगितलेली भीती सगळी खोटी नव्हती, फक्त चुकीच्या पायाला दाखवली.

मोजे सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे, पाय सुजायच्या आत. पायाला आधी पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, मोजा वर सरकला की बोटांकडून पिशवी ओढून काढा. मधुमेह असेल किंवा चालताना पोटऱ्या भरून येत असतील तर धमन्या तपासल्याशिवाय घट्ट मोजे घालायचे नाहीत. हे सगळ्यांसाठी.

कोपरखैरणेकर

विम्यात काम करतो, तेवढ्यापुरतं. ही प्रक्रिया डे-केअरमध्ये येते, त्यामुळे २४ तास दाखल राहण्याची अट आड येत नाही. पण बऱ्याच पॉलिसींत व्हेरिकोज व्हेन्स ठरावीक आजारांच्या यादीत असतात आणि त्यांना २ वर्षं थांबावं लागतं. आजार पॉलिसीच्या आधीचा असेल तर त्याची वेगळी प्रतीक्षा. ती पूर्वी ४ वर्षांपर्यंत असायची, विमा नियामक आयआरडीएआयनं २०२४ मध्ये कमाल ३ वर आणली. कंपनी 'सौंदर्यासाठी' म्हणून नाकारायला बघते, म्हणून डॉक्टरांच्या पत्रात सी-४, उलट्या प्रवाहाचे सेकंद, तपकिरी कातडी हे सगळं यायला हवं. केसपेपरवर 'वीस वर्षांपासून त्रास' असं लिहिलं जाणारच, ते खरंच आहे, लपवू नका. पॉलिसी घेतानाच्या प्रस्ताव अर्जात हा त्रास लिहिला होता का ते आधी काढून बघा. निळ्या रेघांचं बिल कोणीही देणार नाही.

वाटीभर_साखर

विषय निघालाच आहे तर. परवा माझ्या आत्याच्या घोट्यावरची अशीच फुगलेली शीर न्हाणीघरात दगडानं पाय घासताना फुटली. रक्ताची चिळकांडी उडाली. तिनं घाबरून उभ्यानंच नळाखाली पाय धरला, रक्त थांबेचना. शेजारच्या नर्सताईंनी आडवं केलं तेव्हा थांबलं.

टाकेवाला

बरोबर केलं त्यांनी. आडवं व्हायचं, पाय छातीच्या वर उचलायचा, स्वच्छ कापडानं दहा-पंधरा मिनिटं दाबून धरायचं, मध्ये उघडून बघायचं नाही. दोरीनं पाय आवळायचा नाही. आणि थांबलं तरी आत्यांना दाखवून आणा, ती शीर पुन्हा फुटेल. दगड टाकून द्या.

लाटणं

दीड महिन्यानं येतेय. काल काहींनी विचारलं म्हणून सविस्तर.

तीन ठिकाणी तुमचे प्रश्न विचारले. एका ठिकाणी 'सोनोग्राफी आमचा टेक्निशियन धरतो' म्हणाले, तिथून उठले. दुसऱ्या ठिकाणच्या बाई डॉक्टरांनी डॉप्लर स्वतः पुन्हा केला, उभ्यानं, आणि बॉलपेननं पायावर नकाशा काढला. डाव्या पायाला हातही लावला नाही. तिथेच ठरवलं. उजव्याचं आरएफए, आणि पोटरीवरच्या गाठी त्याच वेळी बारीक छेदांतून आकड्यानं ओढून काढल्या. मोठे छेद असतील अशी मी मनाची तयारी केली होती. एकालाही टाका पडला नाही, चिकटपट्ट्यांवर भागलं.

दुखलं का? ती भूल भरताना. मांडीभर दहा-बारा टोचण्या, आत थंडगार पाणी पसरतंय असं वाटतं. तापवताना काही नाही, तोंडात मात्र एकदा कडवट चव आली. तासाभरात कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. सकाळी आठला गेले, दुपारी रिक्षानं घरी. चौथ्या दिवसापासून मांडीच्या आतून दोरी ताणल्यासारखं झालं. पाय सरळ केला की ओढ बसायची. डॉक्टर म्हणाल्या, बंद झालेली शीर आखडते, चालत राहा. तलावपाळीला रोज दोन फेऱ्या, दहाव्या दिवशी ओढ गेली. पाचव्या दिवशीच्या डॉप्लरमध्ये शीर बंद, गुठळी नाही. घोट्याच्या वर एका ठिकाणी बधिर आहे, पाच रुपयांच्या नाण्याएवढं. गाठी काढल्या तिथलं ते, हळूहळू येईल म्हणाल्या. कातडीचा तपकिरी रंग तसाच आहे, पण खाज गेली. रात्रीचे गोळे पहिल्या आठवड्यातच थांबले.

पैसे: विमा कंपनीनं दोनदा शंका काढली, कोपरखैरणेकरांनी सांगितलं तसं पत्र दिल्यावर मंजूर झालं. मोजे आणि दोन डॉप्लर खिशातून.

डावा पाय म्हणाल तर टाचेचं हाड वाढलंय आणि गुडघ्याची झीज सुरू झालीय. मऊ तळव्यांच्या चपला आणि मांडीचे व्यायाम. पीठ मळायला उंच स्टूल आणलंय. कामवाल्या मुली हसतात, पण आता त्याही आळीपाळीनं बसतात.

उपवनकर

वा! पहिल्या पोळीभाजीला कधी येऊ?

निळी_बरणी

ताई, अभिनंदन. एक विचारायचं होतं. मोजे एकाच पायाचे मिळाले का? मला आता दुसऱ्या पायासाठी घ्यायचेत आणि दुकानदार जोडीच घ्या म्हणतो.

लाटणं

जोडीच घ्यावी लागते. मीही त्याच्याशी वाद घातला. मग लक्षात आलं, बोटं उघडी असलेला मोजा कुठल्याही पायात जातो. दोन्ही उजव्यालाच घालते. एक पायात, एक दोरीवर.